सरकारी खरेदी आणि शिक्षणाची समता : प्रस्तावना

आपल्या विधिमंडळांत आणि संसदेत शिक्षणाविषयी जे बोलले जाते ते सामान्यतः दोन निरनिराळ्या प्रसंगी आणि दोन निरनिराळ्या स्वरांत बोलले जाते. पहिला प्रसंग हक्काचा : एखादे विधेयक मांडले जाते, सभासद राष्ट्राच्या भवितव्याचा, दलित-वंचितांच्या उद्धाराचा आणि ज्ञानाच्या महिम्याचा उच्चार करतात, आणि मतभेद कितीही तीव्र असले तरी वाणीची पातळी सहसा खाली उतरत नाही. दुसरा प्रसंग खरेदीचा : अनुदानाच्या मागण्या, एखादा तारांकित प्रश्न, एखादी लक्षवेधी सूचना किंवा महालेखापरीक्षकांचा अहवाल यांच्या निमित्ताने पाठ्यपुस्तके, गणवेश, डाळ-तांदूळ, बाके आणि संगणक यांचा हिशेब सभागृहापुढे येतो, आणि मग बोलणे बहुधा निविदा कोणाला मिळाली, दर कोणी ठरवला आणि कोणाचा हात ओला झाला याभोवती फिरू लागते. या दोन प्रसंगांचा परस्परांशी काही संबंध आहे अशी शंकाही त्या भाषणांवरून सहसा येत नाही. प्रस्तुत संकलन तयार करण्यामागील हेतू एवढाच, की ही दोन प्रकारची भाषणे एकाच बांधणीत शेजारी शेजारी ठेवावी आणि वाचकाने ती एकमेकांच्या प्रकाशात वाचावी.

कारण वस्तुस्थिती अशी आहे की शिक्षणाचा हक्क राजपत्रात प्रसिद्ध झाला म्हणून तो मुलाच्या हाती पडत नाही. राजपत्र आणि मूल यांच्यामध्ये दरपत्रके, तुलनात्मक तक्ते, अनामत रकमा, पुरवठा आदेश आणि देयके यांचा एक लांबलचक पल्ला असतो. तो पल्ला ज्या नियमांनी ओलांडला जातो त्यांना आपण खरेदीचे नियम म्हणतो आणि वित्त खात्याच्या दफ्तरात ठेवून देतो. शिक्षणहक्क कायद्याखालील केंद्राच्या आदर्श नियमावलीने पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश हे मोफत शिक्षणाचेच अंग मानले आहे. तेव्हा गणवेशाची निविदा चार महिने रखडली, तर ती केवळ प्रशासकीय दिरंगाई उरत नाही, तो चार महिन्यांचा हक्कभंग ठरतो. परंतु या हक्कभंगाची दाद मागण्याचे ठिकाण खरेदीच्या नियमांत कोठेही दाखवलेले नाही. पुढील पृष्ठांत वाचकाला जो धागा मिळेल तो हाच आहे.

हा विचार नवा आहे असे मानण्याचे कारण नाही. हंटर आयोगापुढे १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्याचा कणा जमाखर्चाचाच होता. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा रयतेच्या श्रमातून येतो आणि तो खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांचे म्हणणे होते. जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा या दराने वसूल होणाऱ्या लोकल फंडाचा जो भाग शिक्षणासाठी राखलेला असे, तो ज्यांच्याकडून येतो त्यांच्याच मुलांपर्यंत पोहोचतो की नाही, असा प्रश्न त्यांच्या त्या विचारातून सरळ निघतो. पैसा कोणाचा, वस्तू कोणाला आणि ठरवणारा कोण, ही तीन टोके एकत्र धरून शिक्षणाचा विचार करण्याची रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे. ती पुढे आपण का सोडून दिली हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ती सोडली नव्हती. १९१० साली त्यांनी इंपीरियल विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले, आणि मार्च १९१२ मध्ये त्यावर दोन दिवस चर्चा होऊन ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. हे विधेयक आज आठवले जाते ते एका उदात्त पराभवाचे स्मारक म्हणून. परंतु ज्याला ते मुळातून वाचण्याचा योग येईल त्याच्या लक्षात येईल की त्यातील उदात्तता हिशेबाच्या कलमांत आहे. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती आणि तीही जेथे मुलांची एक विशिष्ट संख्या आधीच शाळेत जाते अशाच क्षेत्रात; खर्चाची वाटणी सरकार आणि स्थानिक संस्था यांच्यात दोनास एक या प्रमाणात; आणि ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी मुळीच घ्यावयाची नाही. अर्थसंकल्पावरील भाषणांनी नाव मिळवलेल्या माणसाने केलेले हे विधेयक होते, आणि शिक्षण खात्याचे सदस्य हारकोर्ट बटलर यांनी व इतरांनी त्याला जो विरोध केला त्यातही पैशाची अडचण हा मोठा मुद्दा होता. दोन्ही बाजूंना एवढे तरी ठाऊक होते की सक्ती या शब्दामागे कोणाच्या तरी खजिन्याची किल्ली असावी लागते.

ज्या संस्थानिकांच्या हाती स्वतःच्या खजिन्याची किल्ली होती त्यांनी हे काम आधीच किंवा लवकरच करून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली संबंध राज्यात सक्तीचे शिक्षण लागू केले, आणि कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलखात १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता कायदा झाला. या तिन्ही ठिकाणच्या अनुभवाची तुलना करण्यासारखी आहे; दरबाराच्या एका फर्मानाने जे होऊ शकत होते ते लोकनियुक्त संस्थांत ठरावा-ठरावाने आणि मंजुरी-मंजुरीने करावे लागते, आणि म्हणूनच त्या मंजुरीचे नियम हा लोकशाहीत तत्त्वाच्या तोडीचा विषय होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर झालेले भाषण मी या परंपरेत मध्यवर्ती मानतो. शिक्षणावर दरडोई होणारा खर्च आणि अबकारीतून दरडोई होणारी वसुली यांची त्यांनी शेजारी शेजारी मांडणी केली, आणि लोकांकडून मद्याच्या वाटेने जे घेतले जाते तेवढे तरी त्यांना शिक्षणाच्या वाटेने परत द्यावे, असे सरकारला बजावले. शिक्षण ही प्रत्येकाच्या आवाक्यात आणावयाची गोष्ट आहे आणि खालच्या वर्गांसाठी ती होईल तितकी स्वस्त केली पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन तत्त्वाचे खरे. पण ते उच्चारले गेले अनुदानाच्या मागणीवर, खर्चाच्या बाबीवर बोट ठेवून. पुढील काळात हक्काची भाषा आणि बाबींची भाषा यांची जी फारकत झाली ती या भाषणाच्या वेळी झालेली नव्हती.

ती फारकत झाली स्वातंत्र्यानंतर, आणि तीही कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे. घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले. ती मुदत उलटून गेली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. आणि बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचे विधेयक राज्यसभेने २० जुलै २००९ रोजी व लोकसभेने ४ ऑगस्ट २००९ रोजी संमत करून १ एप्रिल २०१० पासून ते अमलात आले. या दीर्घ प्रवासात शिक्षण नैतिक आज्ञेवरून मूलभूत हक्काच्या पायरीवर चढले, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच काळात सरकारी खरेदीचा विचार मात्र संसदेच्या कायद्याबाहेर राहिला. १९४७, १९६३, २००५ आणि २०१७ असे अवतार घेतलेले केंद्राचे सामान्य वित्तीय नियम हे कार्यकारी शासनाचे नियम आहेत. ते सभागृहात कलमवार चर्चिले गेलेले नाहीत. तमिळनाडूने १९९८ साली आणि कर्नाटकाने १९९९ साली निविदांच्या पारदर्शकतेचे कायदे केले, पण संसदेचा असा कायदा झाला नाही.

तो होण्याची वेळ एकदा आली होती. मे २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ साली पंधरावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. या विधेयकाची उद्दिष्टे वाचताना त्यांच्या क्रमाकडे वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे : पारदर्शकता, उत्तरदायित्व, सचोटी, निविदाकारांना न्याय्य व समान वागणूक, स्पर्धा, कार्यक्षमता, काटकसर आणि जनतेचा विश्वास. यांपैकी एकही उद्दिष्ट अयोग्य नाही. परंतु ज्याच्यासाठी खरेदी करावयाची तो मनुष्य या यादीत कोठेही नाही. तक्रारीची यंत्रणा होती, ती निविदाकारासाठी. दंडाची कलमे होती, ती लाच घेणाऱ्या व देणाऱ्यासाठी. शिवाय विधेयक केंद्राच्या खात्यांपुरते व संस्थांपुरतेच असल्यामुळे आणि पन्नास लाख रुपयांच्या आतील खरेदी त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली असल्यामुळे, गावच्या शाळेसाठी खालच्या पातळीवर होणारी बहुतेक खरेदी त्याच्या न्यायापर्यंत पोहोचलीच नसती.

येथे न्यायालयांनी घडवलेल्या विचाराचाही उल्लेख केला पाहिजे. १९७९ साली मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या मक्त्यावरून रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, राज्यसंस्था करार करते तेव्हा ती खाजगी व्यापाऱ्याप्रमाणे मनाला येईल त्याला मक्ता देऊ शकत नाही. स्वतः जाहीर केलेली पात्रतेची कसोटी तिने स्वतःही पाळली पाहिजे. घटनेच्या १४ व्या अनुच्छेदातील समता अशा रीतीने निविदेच्या लखोट्यापर्यंत पोहोचली, ही आपल्या विधिविचाराची मोठी कमाई होय. मात्र ही समता विक्रेत्या-विक्रेत्यांमधील आहे. दोन पुरवठादारांना समान वागवले की तिचे समाधान होते. दोन शाळांना माल समान वेळी मिळाला की नाही हे तिच्या दृष्टिक्षेपात येत नाही. एक एप्रिल २०१० पासून खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी, आणि एक एप्रिल २०१९ पासून केंद्रीय खात्यांच्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून. आकडा एकच, न्यायाची भूमिकाही सारखीच, पण या दोन तरतुदींचा एकत्र विचार करणारी समिती माझ्या वाचनात आलेली नाही.

आणि त्या २५ टक्के जागा तरी काय आहेत? शिक्षणहक्क कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे राज्याने प्रत्येक अशा मुलामागे, सरकारी शाळेतील दरडोई खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, शाळेला परत करावयाची असते. भावनेचे आवरण बाजूला केले तर ही खाजगी शाळेतील जागेची सरकारी खरेदी आहे. दर कायद्याने ठरलेला आहे, माल शिक्षण आहे, आणि देयक वेळेवर चुकते झाले नाही तर त्याची झळ त्या बाकावर बसलेल्या मुलाला लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असणाऱ्या खाजगी शाळांना या बंधनातून मोकळे केले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्दबातल ठरवली. या प्रकरणावर जे लिहिले गेले ते बहुतेक हक्काच्या परिभाषेत. मात्र जवळ सरकारी शाळा असताना त्याच मुलासाठी खाजगी जागा का विकत घ्यावी, हा दुरुस्तीमागील युक्तिवाद शुद्ध खरेदीदाराचा होता. तो त्या स्वरूपात ओळखला गेला असता तर त्याचे उत्तरही अधिक नेमके देता आले असते : एकाच वर्गात भिन्न थरांतील मुले एकत्र बसावी हा त्या कलमाचा हेतू आहे, आणि ते सान्निध्य सरकारी शाळेत कितीही कमी दराने उपलब्ध होत नाही.

माझ्या मते या विषयाचे सर्वांत बोधप्रद प्रकरण शालेय आहाराचे आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या स्त्रीपुरुषांना प्राधान्य देण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंगणवाड्यांच्या आहारात मक्तेदार नकोत असेही न्यायालयाने बजावले. येथे प्रथमच खरेदीची पद्धत आणि समतेचे तत्त्व एका वाक्यात आले : अन्न कोण शिजवतो हा प्रश्न ताटावर बसणाऱ्या मुलांच्या सामाजिक शिक्षणाचा भाग आहे, हे मान्य झाले. पुढे महाराष्ट्रातील अंगणवाड्यांच्या घरपोच आहाराची सुमारे ६,३०० कोटी रुपयांची निविदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केली, कारण तिच्या अटी अशा होत्या की ज्या महिला बचत गटांकडे हे काम जावयाचे तेच बाहेर पडत आणि मोठ्या संस्थांची वाट मोकळी होत असे. वार्षिक उलाढालीची अट ही कागदावर सर्वांना समान असते. तिचे फळ मात्र समान नसते. निविदेच्या नियमांत तटस्थ दिसणारे एखादे कलम कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे वाचावयास शिकणे हे लोकप्रतिनिधीच्या शिक्षणाचे आवश्यक अंग मानले पाहिजे.

तथापि यावरून मध्यवर्ती खरेदी ती वाईट आणि स्थानिक खरेदी ती चांगली, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना झाली. ज्याला आपण सर्वजण बालभारती या नावाने ओळखतो त्या या मंडळाने लेखनापासून वितरणापर्यंतचे काम एका हाती घेतले, आणि गडचिरोलीच्या मुलाला आणि गिरगावच्या मुलाला तेच पुस्तक त्याच किमतीत मिळू लागले. एकत्रीकरणाने समता साधली गेल्याचे याहून चांगले उदाहरण आपल्या राज्यात सापडणे कठीण. उलट २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ या नावाने कापडाची खरेदी राज्य पातळीवर केली गेली, तेव्हा शाळा उघडून महिने लोटले तरी ठिकठिकाणी गणवेश न पोहोचल्याच्या आणि पोहोचलेले मापात न बसल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०२४ साल संपण्याच्या सुमारास हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. पुस्तकाला मुलाचे माप घ्यावे लागत नाही. सदऱ्याला घ्यावे लागते. कोणती वस्तू कोणत्या पातळीवर विकत घ्यावी हे वस्तूच्या प्रकृतीवरून ठरावे, खात्याच्या सोयीवरून नव्हे, एवढा साधा विवेक या दोन अनुभवांच्या तुलनेतून मिळतो. समित्यांच्या हाती पैसा दिला म्हणजे अफरातफर होणार नाही असेही नाही. पण ज्या समितीत कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयाच्या, तिला चुकीची जाणीव त्याच महिन्यात होते, आणि मंत्रालयाला ती पुढच्या अधिवेशनात होते.

संसदीय देखरेखीचे मर्म आणि मर्यादा दोन्ही या शेवटच्या वाक्यात आहेत. लोकलेखा समिती केंद्रात १९२१ पासून आहे, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा शिरस्ता पडला आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर तिने केलेल्या शिफारशी हा आपल्या लोकशाहीचा अभिमानास्पद दस्तऐवज होय. परंतु ती पाहते ते खर्च होऊन गेल्यावर. तिच्यापुढे प्रकरण येईपर्यंत ज्या मुलाला तिसरीत पुस्तक मिळाले नाही ते सातवीत गेलेले असते किंवा शाळेतून गळालेले असते. दोष सिद्ध झाला, वसुली झाली, तरी तिसरीचे वर्ष वसूल होत नाही. खर्चाआधी बोलण्याची संधी सभासदांना अनुदानाच्या मागण्यांवर मिळते, पण पुष्कळ मागण्या वेळेअभावी चर्चेविनाच मतास टाकल्या जातात. म्हणून लेखापरीक्षेने पैशाचे रक्षण बऱ्याच अंशी होते आणि वेळेचे मुळीच होत नाही. आणि बालपणाच्या बाबतीत तर वेळ हाच मुख्य ऐवज आहे.

या संकलनातील वेचे निवडताना मी पक्षनिष्ठेचा विचार केलेला नाही आणि वक्तृत्वालाही फारसे महत्त्व दिलेले नाही. ज्या भाषणात हक्क आणि हिशेब एकमेकांना भेटतात ते, मग ते कितीही रूक्ष असो, घेतले आहे. ज्यात त्यांपैकी एकच आहे ते, मग ते कितीही टाळ्या घेऊन गेलेले असो, बहुधा वगळले आहे. भ्रष्टाचाराच्या आरोपांनी भरलेली भाषणे कमी का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, लाच न खाता, सर्व लखोटे नियमाप्रमाणे उघडून, किमान दराच्या निविदाकाराला रीतसर आदेश देऊनही ऑक्टोबरात पुस्तके पोहोचवता येतात. अशी निर्दोष खरेदी लेखापरीक्षेत उत्तीर्ण होते आणि मुलाच्या दृष्टीने नापास असते. तिच्याबद्दल बोलण्यास आपल्या सभागृहांना अजून शब्द सापडलेले नाहीत, आणि आरोपांच्या गदारोळात ते सापडणारही नाहीत.

सार्वजनिक खरेदीचे विधेयक पुन्हा कधी संसदेपुढे आले, तर त्यातील उद्दिष्टांच्या यादीत माल ज्याच्यासाठी आहे त्याचे नाव असावे. शाळेच्या मालापुरती, शाळा उघडण्याच्या दिवशी तो शाळेत असणे ही कराराची मूलभूत अट असावी. आणि ती मोडली तर तक्रार करण्याचा अधिकार हरलेल्या निविदाकाराइतकाच शाळा व्यवस्थापन समितीलाही असावा, असे माझे मत आहे. हे मत वाचकाने मान्य करावे असा आग्रह नाही. पुढील वादविवाद वाचताना मात्र त्याने प्रत्येक भाषणाला एकच प्रश्न विचारावा : हा सभासद ज्या न्यायाविषयी बोलत आहे तो विक्रेत्याचा, खजिन्याचा की मुलाचा? तिन्ही न्याय आवश्यक आहेत, आणि राज्याने तिन्हींचे पालन केले पाहिजे. परंतु पहिल्या दोघांच्या बाजूने बोलणारे वकील, संघटना आणि खाती आहेत, आणि तिसऱ्याच्या बाजूने बोलण्यासाठी आपण सभागृहे निवडून दिली आहेत.